डब्याबाहेरचं पाणी

सोडियमचा वाटाण्याएवढा तुकडा पाण्यात टाकला की काय होतं, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं आणि परीक्षा झाली की विसरलेलंही असतं. वणीपलीकडच्या त्या कोळसा खाणीत मात्र ते कोणी विसरलं नाही, कारण यामिनी निखाडेने ते सगळ्यांना डोळ्यांदेखत करून दाखवलं होतं.

सुरक्षा सप्ताहाचा मंडप होता. ऊन इतकं की खुर्चीच्या लोखंडाला हात लावायची सोय नव्हती. ओले दुपट्टे डोक्याला गुंडाळून कामगार आलुबोंड्यांची वाट बघत बसले होते, कारण भाषणं संपल्याशिवाय आलुबोंडे येत नाहीत, हे त्यांना इतक्या वर्षांच्या सुरक्षेतून पक्कं कळलं होतं. नागपूरच्या प्रयोगशाळेतून आलेल्या या बाईने भाषण केलंच नाही. तिने काचेच्या मोठ्या भांड्यात पाणी ओतलं, चिमट्याने एक मऊ, चकचकीत तुकडा त्यात सोडला आणि मागे सरली. तुकडा पाण्यावर सैरावैरा पळाला, पिवळा पेटला आणि फाडकन फुटला. पहिली रांग खुर्च्यांसकट मागे गेली.

"हाच धातू तुमच्या डब्यातल्या बॅटरीत असणार आहे," यामिनी म्हणाली. "म्हणून खोक्याचं झाकण कोणी, कधीही उघडायचं नाही. पाण्याचा एक थेंब आत गेला तर काय होतं, ते बघितलंत."

मग तिने बॅटरीचं एक खोकं पुढे घेतलं, त्याच्या आरपार जाड खिळा ठोकवला, खालून ज्योत लावली. काहीही झालं नाही. खोकं दगडासारखं बसून राहिलं. खरं तर ती हेच दाखवायला आली होती. तिच्या उमेदीची सगळी वर्षं त्या 'काहीही झालं नाही'मध्ये गेली होती. पण काही न होणं कोण बघत बसतं? सगळ्यांच्या नजरा अजून त्या काचेच्या भांड्यावरच होत्या. यामिनीला ते दिसलं आणि तिला बरंच वाटलं. घाबरलेत तर झाकणाला हात लावणार नाहीत, असा तिचा हिशेब होता.

डबा म्हणजे खाणीच्या पोटात बसवलेली पोलादी खोली. छत कोसळलं, वाट बुजली, धूर कोंडला, तर पळत जाऊन तिथे बसायचं आणि बाहेरून कोणी येईपर्यंत तग धरायचा. आत प्राणवायूच्या नळकांड्या असतात. पण माणूस नुसता प्राणवायू घेत नाही, वाईट हवा सोडतही असतो, आणि बंद खोलीत माणसाला मारते ती त्याचीच सोडलेली हवा. ती चुन्याच्या गोळ्यांतून खेचून स्वच्छ करायला पंखा लागतो आणि पंख्याला वीज लागते. खाणीची तार तुटलेली असणार, म्हणजे बॅटरी आली.

बॅटरी सोडियमची, कारण लिथियम साता समुद्रांपलीकडून आणायचं आणि त्याचे भाव दरवर्षी चढायचे. सोडियम आपल्या मिठातच आहे. त्याचा शुद्ध धातू वापरला तर थोड्या जागेत पुष्कळ वीज मावते. मात्र चार्ज होताना हा धातू सारखा बसत नाही. त्याला बाभळीसारखे बारीक काटे फुटतात. काटा वाढत वाढत पलीकडच्या बाजूला टेकला की आतल्या आत ठिणगी, आणि दोन्ही बाजूंच्या मधे जे द्रावण भरलेलं असतं, ज्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात, ते जुन्या बॅटऱ्यांत रॉकेलसारखं पेटायचं. दुसऱ्या एका खाणीत इंजिनाची अशी बॅटरी पेटली होती आणि ज्यांना जाळ शिवलाही नव्हता ती माणसं धुराने गेली होती. यामिनी या कामाला लागली ती त्यानंतर.

तिचं इलेक्ट्रोलाइट एरवी पाण्यासारखं पातळ असे. सत्तर अंशांच्या पुढे तापलं की त्यातले रेणू एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करत आणि सगळं द्रावण थिजून घट्ट होई. काटे जिथल्या तिथे अडकत, वीज बंद पडे, पेटायला काही उरत नसे. चिकाचा खरवस होतो तसं. आणि खरवसाचं जसं पुन्हा दूध होत नाही, तसं ते खोकंही पुन्हा चालू होत नसे. पण आगीपेक्षा बंद पडलेलं खोकं केव्हाही बरं, यावर सगळ्या तज्ज्ञांचं एकमत झालं होतं. ते तज्ज्ञ सगळे जमिनीच्या वर बसत.

खाणीतले लोक काही लगेच तयार झाले नाहीत. त्यांना तयार केलं सुधाकरदादाने. सुधाकर निखाडे हा यामिनीचा थोरला भाऊ, त्या खाणीत ओव्हरमन. म्हणजे पाळीतल्या खालच्या सगळ्या माणसांची जबाबदारी त्याची. यामिनी शाळेत असताना वडील गेले आणि दादा कॉलेज सोडून त्यांच्या जागेवर लागला. बहिणीला रसायनशास्त्रात किती कळतं, हे त्याला स्वतःला तपासता येत नव्हतं, म्हणून तो ते तपासतच नसे. ती म्हणाली की झालं. कॅन्टीनमध्ये युनियनवाले कुरकुरले तेव्हा तो चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाला, "माह्या बहिणीनं केलं हाय. पयला मी बसतो, मंग तुमी बसा." विषय मिटला.

डबा बसवून झाला आणि पुढच्या हिवाळ्यात, सकाळच्या पाळीत, यामिनी तो तपासायला खाली उतरली. सोबत दादा होता. डब्याची झाडपूस करायला लटारू आत्राम होता. लटारू खाणीत केस पिकवलेला माणूस, कमी बोलणारा, आणि सांगितलेलं काम सांगितल्यापेक्षा थोडं जास्तच करणारा. यामिनी आणि दादा पुढच्या बोगद्यात हवेचं तापमान मोजत होते. आधी कुठेतरी लाकूड करकरल्यासारखा आवाज झाला. दादाने मान वर केली, तिच्या हातातलं यंत्र काढून फेकलं आणि तिला दंडाला धरून पळवत सुटला. मागे छत बसलं. हवेचा असा दणका आला की दोघं आपटली. उठतात तर जळक्या रबराचा वास. कोळसा वाहणारा पट्टा कुठेतरी दबून पेटला होता.

दादाने तिच्या कमरेच्या डबी-मुखवट्याची नळी तिच्या तोंडात कोंबली, स्वतःचा लावला. खाणीत प्रत्येकाच्या पट्ट्याला असा एक मुखवटा असतो. एकदा सुरू केला की थोडा वेळ प्राणवायू देतो आणि संपला की संपला. धुरात वाट दिसत नव्हती. लटारू डब्याच्या दारात उभा राहून लोखंडावर फावडं आपटत होता, त्या आवाजावर दोघं पोचली. दार लागलं. दोन दारांमधल्या चिंचोळ्या जागेतली हवा फुस्स करून बदलली, मग आतलं दार उघडलं आणि गार, स्वच्छ हवा अंगावर आली.

मुखवटे संपतच आले होते. ते काढून दोघं बाकावर बसली. फोन मेलेला होता. बाहेरची हवा सांगणारा काटा पार टोकाला जाऊन टेकला होता. कार्बन मोनॉक्साइड, वास नाही, रंग नाही, आणि चार श्वासांत माणूस मऊ पडतो. बाकाखाली एका पोलादी ट्रेमध्ये बॅटरीची आठ खोकी एकाला एक लागून बसवलेली होती. वर आठ हिरवे दिवे. पंखा घुमत होता, एसी चालू होता. यामिनीला त्याही अवस्थेत आनंद झाला. आपण केलेली वस्तू आपल्याला मांडीवर घेऊन बसली आहे, असं काहीतरी तिला वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

"घाबरू नको," दादा म्हणाला. "तुह्याच घरात बसलो आपण."

त्याने छतातून जाणाऱ्या नळावर हातोडीने ठोके दिले आणि कान लावला. बऱ्याच वेळाने फार लांबून, उंदराने कुरतडावं तसे ठोके परत आले. बाहेरच्यांना कळलं होतं. पण दादाचं तोंड बघून यामिनीला समजलं की ते जवळ नाहीत.

"आज तं नाई येत," तो म्हणाला. "पण येतीन."

मग लटारू म्हणाला, "म्याडम, थे लाल काहून झालं?"

कडेच्या खोक्याचा दिवा लाल झाला होता. यामिनी खाली वाकली. छत बसलं तेव्हा एक मोठा दगड बाहेरून भिंतीवर आदळला होता. भिंत आत आली होती आणि त्या खोक्याचा कोपरा चेपला होता. आत काहीतरी टेकलं असणार, तापलं असणार, आणि द्रावण थिजलं. ठिणगी नाही, धूर नाही.

"थिजलं," ती म्हणाली. "काही नाही. असंच व्हायला पाहिजे होतं. सात आहेत अजून."

थोड्या वेळाने त्याच्या शेजारचं थिजलं. मग त्याच्या शेजारचं.

यामिनीने चौथ्या खोक्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. तेव्हा तिला ते कळलं. रेणू साखळ्या करतात तेव्हा थोडी उष्णता सोडतात. तिने ते मोजलं होतं. प्रयोगशाळेतल्या गार खोलीत, टेबलावर, एकट्या खोक्यावर. ती उष्णता हवेत निघून जायची आणि तिच्याकडे कोणी लक्ष द्यायचं नाही. इथे खोकी मांडीला मांडी लावून बसली होती. एकाची उष्णता दुसऱ्यात जात होती आणि एक बंद पडलं की त्याचा भारही उरलेल्यांवर येत होता. प्रत्येक खोकं सुरक्षित होतं. एकेक खोकं स्वतःला आगीपासून वाचवत होतं आणि शेजारच्याला मारत होतं.

तिने धडपडत एसी बंद केला. भार हलका झाला, पण उशीर झाला होता. आणखी तीन गेली. शेवटची दोन हिरवी राहिली.

"यामे, काय होऊन रायलं?" दादाने विचारलं.

तिने सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं आणि लपायला जागाही नव्हती. "हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, दादा. खोकी लांब लांब ठेवली असती तरी झालं असतं. मी कधी आठ एकत्र तापवून बघितलीच नाहीत."

दादाने दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच त्या दिव्यांकडे नीट बघितलं, जणू ते आता कोणा परक्याचे होते.

एसी नसलेला डबा भराभर तापायला लागला. तीन माणसांची ऊब, चुन्याच्या गोळ्यांची ऊब, पलीकडे पट्टा जळत होता त्याची ऊब. घामाने कपडे अंगाला चिकटले. त्या गरम हवेत उरलेली दोन खोकी निवत नव्हती. त्यांच्यावरचा तापमानाचा काटा हळूहळू वरच जात होता. ती थिजली की पंखा थांबणार. पंखा थांबला की पोलादी पेटीत तीन माणसं आपलाच श्वास पीत बसणार.

"पाणी," यामिनी एकदम म्हणाली. "ट्रेमध्ये पाणी भरायचं. खोकी खालून गार होतील. कॅन कुठे आहेत?"

भिंतीत पाण्याच्या कॅनसाठी कप्पा होता. वर कॅनचं चित्रही होतं. कप्प्यात लटारूचा जेवणाचा डबा होता आणि घडी केलेला गमछा.

"लटारूभाऊ, कॅन?"

लटारूने आधी दादाकडे बघितलं. "बाहीर हायेत, म्याडम."

"बाहेर कुठे?"

"आडव्या गल्लीत. दाराजोळ ठेवले होते पयले, पण मले थेबी जवयच वाटले." त्याचा आवाज बारीक झाला. "तुमीच तं सांगतलं होतं न, थेंब नाई पाह्यजे मनून. आमी साऱ्याईनं पाह्यलं न थे. बॅटरीजोळ पाणी कोण ठेवन, म्याडम?"

यामिनी त्या रिकाम्या कप्प्याकडे बघत राहिली. कोणी चूक केली नव्हती. तिने जे शिकवलं, ते या माणसाने मन लावून पाळलं होतं. झाकण कोणी उघडू नये म्हणून तिने दाखवलेला वाटाणा इथपर्यंत आला होता आणि पाण्याचे कॅन उचलून गल्लीत घेऊन गेला होता.

तिघांत एकच मुखवटा कोरा होता, लटारूचा. तो डब्यापाशीच असल्यामुळे त्याला लावावा लागला नव्हता. लटारूने तो पट्ट्यातून काढला आणि म्हणाला, "म्या नेलं, मीच आणतो." उभा राहिला, दारापर्यंत गेला. मग वळून म्हणाला, "पण थे पाणी आत आणाले माहे हात नाई उठणार, दादा. खरं सांगतो."

"आण इकडं," दादाने मुखवटा घेतला.

"दादा, मी जाते," यामिनी म्हणाली. "माझ्यामुळे झालंय."

"तुले आडवी गल्ली मालूम हाय? अंधारात?" त्याने दुपट्टा मानेभोवती आवळला. "पाळी माही हाय. तू इथं बस अन् थे दिवे पाह्य."

तो गेला. आतल्या दाराच्या जाड काचेतून आधी त्याच्या दिव्याचा गोळा दिसला, मग धूर, मग काहीच नाही. यामिनी काचेला नाक लावून उभी राहिली. लटारू बाकाच्या दुसऱ्या टोकाला, खोक्यांपासून जेवढं लांब बसता येईल तेवढं लांब बसला होता. सातव्या खोक्याचा काटा आणखी एक घर वर सरकला.

तिच्या मनात एक गोष्ट घोळत होती आणि ती कोणाला सांगता येत नव्हती. थिजलेलं खोकं पाण्यात बुडवून तिने तपासलं होतं. आतला धातू त्या खरवसात असा गुरफटलेला असतो की पाणी त्याच्यापर्यंत लवकर पोचत नाही. धडधाकट खोकंही तिने बुडवून बघितलं होतं. पण दगडाने चेपलेलं, शिवण उसवलेलं, गरम खोकं तिने कधीच पाण्यात ठेवलं नव्हतं. कोण कशाला ठेवेल? कोपऱ्यातलं ते खोकं ट्रेमध्येच घट्ट बसलं होतं, भिंतीने त्याला दाबून धरलं होतं. ट्रेमध्ये पाणी भरायचं म्हणजे त्याच्याही भोवती भरायचं.

बाहेरचं दार खणखणलं. दादा मधल्या जागेत आला, खांद्यावर एक कॅन. बाहेरचं दार त्याने लाथेने लावलं. त्या चिंचोळ्या जागेत त्याच्याबरोबर बाहेरची हवा आली होती. यामिनीने हवा बदलायचा दांडा धरला.

दादाने हात वर करून तिला थांबवलं. तो काचेतून आत बघत होता. तिच्याकडे नाही, तिच्या मागे, लटारूकडे. लटारू दुपट्ट्यात तोंड खुपसून बसला होता. मग दादाने यामिनीकडे बघितलं आणि मुखवट्याची नळी तोंडातून काढली, कारण नळी तोंडात असली की बोलता येत नाही.

"यामे," काचेपलीकडून त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा आला. "पाण्यात टाकायचं न? खरंच न?"

जन्मात त्याने तिला असं विचारलं नव्हतं. तिने परदेशी जाऊ का म्हटलं तेव्हा नाही, लग्न करत नाही म्हटलं तेव्हा नाही, डबा बसवायचा ठरला तेव्हाही नाही. आता मात्र त्याला तिचं उत्तर हवं होतं. आत त्याच्या पाळीचा माणूस बसला होता आणि पाणी आत आणणारा दादा स्वतः होता.

यामिनीने तोंड उघडलं. 'हो' हा शब्द तिच्या जिभेवर होता आणि तो बाहेर येत नव्हता. आयुष्यभर तिला एकच गोष्ट शिकवली गेली होती, की जे तपासलेलं नाही त्याला हो म्हणायचं नाही. तिने मागे वळून त्या चेपलेल्या कोपऱ्याकडे बघितलं. भांड्यातला वाटाणा तिला दिसला, पळणारा, पिवळा. या खोक्यात तसे शेकडो वाटाणे होते. ती पुन्हा दादाकडे वळली. तो वाट बघत होता. नळी त्याच्या हातात होती, ती परत तोंडात घालायची हे तो विसरला असावा, किंवा उत्तर ऐकल्याशिवाय घालायची नाही असं त्याने ठरवलं असावं. किती वेळ गेला, ते यामिनीला नंतर कधीच सांगता आलं नाही. तिने पुष्कळदा मनाशी धरून बघितलं. कधी तो एक श्वास वाटे, कधी सहा.

दादाचा गुडघा वाकला.

"हो!" ती ओरडली. "हो, दादा, हो!" आणि दांडा खाली ओढला.

दार उघडलं तेव्हा तो कॅनला मिठी मारून बसला होता. चेहरा गुलाबी दिसत होता, निरोगी माणसाचा दिसावा तसा, आणि ते फार वाईट चिन्ह होतं हे तिला माहीत होतं. दोघांनी त्याला आत ओढला. यामिनीने प्राणवायूची नळी त्याच्या तोंडाला बांधली. तो श्वास घेत होता. डोळे उघडे होते, पण त्यात कोणी नव्हतं.

तिला कॅन उचलेना. पाठीमागून दोन काळे, राठ हात आले आणि त्यांनी कॅन तळाशी धरला. लटारूचे डोळे गच्च मिटलेले होते. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता.

"टाका, म्याडम," तो म्हणाला.

पाणी ट्रेमध्ये पडलं. आधी तापलेल्या पोलादावर चर्रर्र झालं आणि लटारूचा सगळा देह ताठला, पण त्याने कॅन सोडला नाही. पाणी पसरत पसरत त्या कोपऱ्यापर्यंत गेलं. चेपलेल्या शिवणीतून एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग तीन-चार एकदम. यामिनी त्यांच्याकडे बघत राहिली. पळायला कुठे जागा नव्हती. पाचवा आला, रेंगाळला, फुटला. सहावा आला नाही. आत कुठेतरी खरवसाने वाट बुजवली होती.

कॅन अर्धा ट्रेमध्ये गेला, अर्धा पिण्यासाठी राहिला. दुपट्टे भिजवून त्यांनी उरलेल्या दोन खोक्यांवर टाकले, एक दादाच्या कपाळावर ठेवला. दिवे हिरवे राहिले आणि पंखा चालत राहिला. दुसऱ्या दिवशी बचाव पथकाने पलीकडून भोक पाडलं तेव्हाही तो चालूच होता.

प्रयोगशाळेच्या संचालकांचा दवाखान्यात फोन आला. "यामिनी, एक ठिणगी नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता. "इतकं सगळं होऊनही एक ठिणगी नाही. बॅटरी पूर्ण सुरक्षित."

"हो सर," ती म्हणाली. "बॅटरी सुरक्षित आहे."

तिने सगळं खरं लिहून दिलं आणि कोणी ते दडपलं नाही. नव्या डब्यांत खोकी लांब लांब बसवली. ट्रे खोल केला. त्याच्यावरच पाण्याचं भांडं बसवलं, तोटी फिरवली की पाणी खाली. सगळं तिच्या म्हणण्याप्रमाणे झालं. पुढच्या सुरक्षा सप्ताहात तिने वाटाणा आणलाच नाही. खोकं पाण्याच्या टबात ठेवलं, स्वतः चपला काढून त्याच टबात पाय सोडून बसली आणि तशीच बोलली. लोक शांतपणे ऐकत होते. टाळ्याही वाजवल्या. आलुबोंडे गरम होते.

दुपारी ती खाली उतरली. नव्या डब्याचं भांडं कोरडं ठणठणीत होतं. तोटीला फडक्याची गाठ मारलेली होती. बाहेर, आडव्या गल्लीच्या तोंडाशी, पाण्याचे कॅन एका ओळीत नीट मांडलेले होते.

"लटारूभाऊ," ती म्हणाली. "तुम्ही होतात ना माझ्यासोबत? तुमच्या हातांनी टाकलंत ना पाणी?"

"होतो न, म्याडम."

"मग?"

लटारूने मान खाली घातली. त्याला तिचं मन मोडायचं नव्हतं. "थे पाह्यलं मी. माह्या डोयानं पाह्यलं. पण थो वाटाणाबी पाह्यला न," तो म्हणाला. "आता थो नाई जात."

तिने एक कॅन उचलला आणि आत नेला, मग दुसरा. भांडं भरलं, तोटीची गाठ सोडली. लटारूने तिला मदत केली, एका शब्दानेही नाही म्हटलं नाही. ती बाहेर पडून वाटेला लागली आणि वळणावर तिने मागे बघितलं. तो दारात उभा होता, ती जाईपर्यंत थांबलेला.

संध्याकाळी ती वणीच्या घरी गेली. वहिनीने चहा टाकला. दादा अंगणात खुर्चीवर बसला होता, स्वच्छ दाढी केलेला, वहिनीने इस्त्री केलेल्या शर्टात. डॉक्टर म्हणाले होते की त्या हवेने मेंदूला जे झालं ते हळूहळू थोडं भरून येईल, सगळं नाही. पाळीतल्या प्रत्येक माणसाचं नाव, गाव आणि सासुरवाडी पाठ असलेला दादा आता शेजारच्याला ओळखायला वेळ लावत असे. यामिनीला मात्र तो नेहमी ओळखे. ती आली की त्याचा चेहरा उजळे आणि मग हळूहळू त्यावर काळजी चढे, काहीतरी राहून गेल्यासारखी.

वहिनीने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. तो प्यायला नाही. पेल्यात बघत राहिला आणि मग त्याने यामिनीकडे मान वर केली.

"यामे," तो म्हणाला. "पाण्यात टाकायचं न? खरंच न?"

"हो दादा," ती म्हणाली. हल्ली तिला वेळ लागत नाही.